रुळावरचा रुपया

लहानपणी आगगाडीच्या रुळावर पैसा ठेवून तो चपटा करून घेण्याचा उद्योग ज्याने केला नाही, असा रुळाकाठी वाढलेला मुलगा विरळाच. उद्योग वाईट, कायद्याने गुन्हा आणि जिवाशी खेळ. तेव्हा त्याची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. पण आज मी वाचकांना रुळावर रुपयाचे नाणे ठेवायला सांगणार आहे. रूळ मात्र मोठ्या गाडीचे नव्हेत. दिवाणखान्यातल्या टेबलावर धावणाऱ्या छोट्या विजेच्या आगगाडीचे. तो रुपया मी वेळेवर ठेवला असता, तर एका अकरा वर्षांच्या मुलाचे तोंड ऐन दिवाळीत उतरले नसते, आणि माझ्या घरात ज्या रात्री आग लागता लागता राहिली, ती रात्र उजाडली नसती.

आमचे घर काल्हेरला आहे. ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडावी लागते आणि पाठोपाठ काल्हेर येते. एके काळचे हे खाडीकाठचे गाव आता गोदामांच्या आणि इमारतींच्या गर्दीत शोधावे लागते. दिवसा मालमोटारींची घरघर, रात्री यंत्रमागांची खटखट. पुढे अंजूर फाट्याच्या बाजूला वसई-दिवा मार्गावरचे भिवंडी रोड स्थानक. रात्री वारा तिकडचा असला म्हणजे मालगाडीची शिटी घरात ऐकू येते. अशा ठिकाणी आगगाडीचे वेड लागले नाही तरच नवल!

वेड आणि त्याचा संसार

हे वेड काही नवे नाही. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर धावणारी खेळण्यातली गाडी मांडली, तेव्हापासून मुलांबरोबर त्यांचे बापही जमिनीवर बसू लागले. आपल्याकडे ह्या छंदाचे तीर्थक्षेत्र म्हणजे पुणे. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी ह्यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला मिळते. तिथे गेलेला मुलगा गाड्या पाहतो, दिवे पाहतो, सिग्नल पाहतो. माझ्यासारखा माणूस मात्र मनातल्या मनात टेबलाखाली वाकून तारा पाहू लागतो. कारण ह्या छंदाचे सारे सुख टेबलावर असते आणि सारे दुःख टेबलाखाली.

छोट्या गाड्यांत जगभर सर्वांत जास्त चालणारे माप म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाचे. त्याच्या दोन रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीहून थोडे अधिक. जुन्या पद्धतीत ह्या दोन रुळांत बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडतात. व्होल्ट वाढवले की गाडी वेगात जाते, तारा उलट केल्या की मागे येते. इंजिनात फक्त एक मोटार. ती धट्टीकट्टी असते. तिला थोडाफार त्रास झाला तरी ती कुरकुर करून सोसते.

१९९० नंतरच्या दशकात सगळेच बदलले. जर्मनीतल्या लेन्झ ह्यांच्या रचनेवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, म्हणजे १९३५ पासून चालत आलेल्या तिथल्या हौशी लोकांच्या संस्थेने, गाड्यांना रुळांतूनच आकडी हुकूम देण्याचे नियम ठरवले. आता रुळांत सदासर्वदा चौदा-पंधरा व्होल्ट असतात, आणि त्या प्रवाहाची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. ह्या उलटापालटीतच हुकूम दडलेला असतो : तीन नंबरच्या इंजिना, पुढे जा, सात नंबरच्या इंजिना, दिवा लाव. प्रत्येक इंजिनाच्या पोटात पोस्टाच्या तिकिटाएवढी एक चकती असते. तिला डीकोडर म्हणतात. ती आपल्या नावाचा हुकूम तेवढा ऐकते आणि मोटार फिरवते. एकाच रुळावर दहा गाड्या वेगवेगळ्या वेगाने पळवता येतात, ही ह्या चकतीची करामत.

पण चकती नाजूक. साधारण एक अँपिअर प्रवाह ती पेलते, क्षणभर त्याच्या दुप्पट. आणि रुळांना वीज पुरवणारी पेटी पाच अँपिअर द्यायला तयार असते. पाच अँपिअर आणि पंधरा व्होल्ट ह्यांचा गुणाकार पंचाहत्तर वॅट. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या डागणीने शिसे वितळवतो, ती पंचवीस वॅटची असते. म्हणजे रुळांत तीन डागण्यांचा दाह सदैव दबा धरून बसलेला, आणि त्यावर धावणार प्लॅस्टिकची गाडी!

ती संध्याकाळ

माझा भाचा दिवाळीला आला तो एक इंजिन घेऊन. वर्षभर साठवलेले खाऊचे पैसे आणि आजीने दिलेली भर, ह्यांतून घेतलेले. निळे, इटुकले डिझेल इंजिन. आम्ही खोलीभर रूळ अंथरले. मध्यभागी मुलांनी मातीचा किल्ला केला होता. महाराजांच्या किल्ल्याला आगगाडीचा वेढा पडलेला पाहून शेजारपाजारची मुले खूष झाली. इतिहासाच्या मास्तरांना तेवढे बोलावले नाही.

किल्ल्यामागचा डोंगर मी कापसाचा केला होता. वर हिरवा भुसा, खाली जुनी वर्तमानपत्रे. पेटीपासून रुळांच्या टोकापर्यंत जी तार नेली ती दारावरच्या घंटीची, दोऱ्यासारखी बारीक. घरात तीच होती म्हणून. वाटेत मी दोन अँपिअरची एक काचेची फ्यूज बसवली होती. पण ती दोनदा उडाली. दुकान लांब, मुले अधीर. मी काय करावे? बिस्किटाच्या पुड्यातला चंदेरी कागद त्या फ्यूजभोवती गुंडाळला आणि मुलांना म्हणालो, "चालवा!"

गाडी छान चालली. तिसऱ्या फेरीला सांध्यावर इंजिनाचे पुढचे चाक घसरले. गाडी थांबली, कोणाला काही वाटले नाही. कोणीतरी फराळाला हाक मारली, मुले धावली. मीही चकलीचा तुकडा तोडायला गेलो. परत आलो तो डोंगराजवळून जळक्या वासाचा बारीक धूर निघत होता. इंजिन उचलायला गेलो आणि बोट भाजले. त्याच्या पोटाखालचे प्लॅस्टिक मेणासारखे ओघळले होते. शेजारचा कापूस तपकिरी पडला होता. आणखी पाच मिनिटे फराळ लांबला असता तर?

भाचा काही बोलला नाही. त्याने इंजिन कागदात गुंडाळले आणि हलकेच विचारले, "मामा, चूक माझी झाली का?" ह्या प्रश्नाने जो चटका बसला, तो बोटाच्या चटक्यापेक्षा जास्त दिवस राहिला.

चोर सापडला

आमच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. उभा जन्म त्यांनी यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालवला. सारी इमारत त्यांना काका म्हणते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून तारांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "दादा, ह्या पेटीला तुम्ही आंधळी केलीत. तिला दिसलेच नाही की कुठे काय पेटले ते."

"पण पेटी पाच अँपिअरला आपोआप बंद होते, असे तिच्यावर लिहिले आहे," मी म्हटले.

"होते ना. पण पाच झाले तर! तुमच्या तारेने पाच होऊच दिले नाहीत."

कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी हिशेब मांडला. तो वाचकांनीही लक्ष देऊन पाहावा, कारण सारी गोम तिथेच आहे. माझी तार पाव चौरस मिलिमीटरलाही पुरी नव्हती. अशी तांब्याची तार दहा मीटर गेली आणि दहा मीटर परत आली, की तिचा विरोध होतो पावणेदोन ओहमच्या आसपास. रूळ जर्मन सिल्व्हरचे. ह्या धातूच्या नावात चांदी आहे, अंगात नाही. तांब्याच्या पंधरा पटींहून अधिक तो विजेला अडवतो. त्यातून रुळांचे तुकडे जोडणाऱ्या इवल्या फिशप्लेटी सैल, आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेल्या. तेही पावणेदोन ओहम धरा. एकूण साडेतीन. पंधरा व्होल्टना साडेतीनने भागले की उरतात चार अँपिअर आणि थोडे वर. म्हणजे पुरते शॉर्ट सर्किट झालेले असूनही प्रवाह पाचाच्या आतच. पेटीने मानले की पाचसात गाड्या धावत असतील. तिने इमानाने वीज पुरवणे चालू ठेवले आणि साठ-पासष्ट वॅटचा दाह तारांत, सांध्यात आणि इंजिनात वाटला गेला.

आणि इंजिनच का जळले? त्याच्या डाव्या बाजूची पुढची-मागची सगळी चाके आतून केसासारख्या तारेने जोडलेली असतात. पुढचे डावे चाक घसरून उजव्या रुळाच्या धातूला टेकले, मागचे डाव्यावरच राहिले. झाले! दोन्ही रुळांमधला पूल म्हणजे ती केसासारखी तार. सारा प्रवाह इंजिनाच्या पोटातून गेला. शेजारच्या डीकोडरची राख झाली, तिचा काही अपराध नसताना.

राहता राहिली माझी फ्यूज. तिला चंदेरी कागद गुंडाळला नसता तर ती वितळली असती आणि इंजिन कदाचित वाचले असते. काकांनी तो कागद उलगडला, माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, "घरच्या मुख्य फ्यूजमध्येही असेच काही नाही ना?"

मी गप्प बसलो. जुन्या चिनी मातीच्या त्या फ्यूजमध्ये मागच्या पावसाळ्यात मीच तांब्याची जाड पेडी तार घातली होती. वारंवार उडत होती म्हणून.

"मागाच्या कारखान्यात हेच चालते," काका म्हणाले. "मोटार अडली की चालत्या मोटारीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. फ्यूज उडते. माग बंद म्हणजे मजुरी बंद. मग कोणीतरी जाड तार घालतो. त्या दिवशी माग चालतो. आणि एखाद्या रात्री सुताला आग लागते. फ्यूज उडते ती त्रास द्यायला नव्हे, दादा. ती निरोप घेऊन येते. आपण निरोप्यालाच डांबून ठेवतो."

शॉर्ट आणि ओव्हरलोड

दोन शब्दांत आपण नेहमी गल्लत करतो. ओव्हरलोड म्हणजे हमालाच्या डोक्यावर पेलवेल त्यापेक्षा जास्त ओझे. तो लगेच पडत नाही. घामाघूम होतो, मग कोसळतो. एका पेटीवर सहाऐवजी बारा गाड्या, किंवा किल्ल्याचे सगळे दिवे त्याच तारेवर, हा ओव्हरलोड. शॉर्ट सर्किट म्हणजे हमालाला वळसा घालून कड्यावरून ओझे खाली सोडणे. वाटेत अडवणारे कोणी नाही. प्रवाह एका क्षणात वाढतो.

संरक्षणही म्हणून दोन तऱ्हांचे लागते. एडिसनने १८९० साली जिचे पेटंट घेतले ती वितळणारी फ्यूज अगदी सरळ स्वभावाची. पण जरा आळशी. ठरलेल्या प्रवाहाच्या दुप्पट झाला तरी ती वितळायला काही वेळ घेते. १९२४ साली जर्मनीत मानहाइमच्या ह्युगो श्टोट्स ह्यांच्या कारखान्यातून आजच्या एमसीबीचा पूर्वज निघाला. त्यात दोन पहारेकरी एकत्र. एक, उष्णतेने वाकणारी दोन धातूंची पट्टी; ती ओव्हरलोडवर नजर ठेवते. दुसरे, लोहचुंबक; तो शॉर्ट होताच खटका ओढतो. आपल्या घरच्या पांढऱ्या खटक्यात हेच दोघे बसलेले असतात. मात्र हे ध्यानात ठेवा : २३० व्होल्टवरचा सहा अँपिअरचा खटका तेराशे ऐंशी वॅटपर्यंत हूं की चूं करत नाही. तो घराच्या तारांचा राखणदार आहे. टेबलावरच्या साठ वॅटच्या आगीची त्याला खबरही लागत नाही.

मोठ्या रेल्वेलाही ह्याच अडचणीने सतावले आहे, हे कळले तेव्हा मला जरा धीर आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. एवढ्या कमी दाबावर जड लोकल हलवायची तर प्रवाह हजारांवर अँपिअर लागतो. आणि उपकेंद्रापासून दूर कुठे तार तुटून शॉर्ट झाले, तर मधल्या तारेच्या विरोधामुळे तो प्रवाहही जवळजवळ तेवढाच दिसतो. गाडी सुटते आहे की तार जळते आहे, हे उपकेंद्राने ओळखायचे कसे? माझ्या पेटीचा प्रश्न तो हाच. म्हणून उपकेंद्रे जवळजवळ ठेवायची, तारेचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा राखणदार द्यायचा, हा उपाय. पुढे मुंबईचे उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टवर गेले आणि २०१६ पर्यंत ते काम पुरे झाले. दाब वाढला, प्रवाह घटला, आणि शॉर्ट ओळखणेही सोपे झाले.

आम्ही काय केले

काकांच्या देखरेखीखाली सारे टेबल पुन्हा उभे राहिले. ज्यांच्या घरी असे वेड आहे त्यांच्या उपयोगासाठी सांगतो.

पहिली गोष्ट, तार. पेटीपासून टेबलाखालून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी मुख्य तार नेली. तिचा विरोध वीस मीटरला पाव ओहमही नाही. रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून आखूड तार डाग देऊन जोडली. फिशप्लेटीच्या भरवशावर एकही तुकडा ठेवला नाही.

दुसरी, वाटणी. एका ऐवजी तीन विभाग केले : स्थानक, मुख्य मार्ग आणि यार्ड. एका विभागात शॉर्ट झाले तर बाकीच्या गाड्या चालत राहतात, आणि दोष कुठे आहे ते शोधायला लागत नाही. प्रत्येक विभागाला आपले वेगळे इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर बसवले. ते सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास वीज तोडते आणि थोड्या वेळाने दोष गेला का ते स्वतःच चाचपून पाहते. पाचऐवजी ते अडीच अँपिअरवर लावले. आमच्या दोनतीन गाड्यांना तेवढे पुष्कळ.

तिसरी युक्ती गरिबाची, पण नामी. ज्याला ब्रेकर परवडत नाही त्याने प्रत्येक विभागाच्या तारेत मोटारीच्या मागच्या ब्रेकचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब ओळीने जोडावा. थंड बल्बचा विरोध जेमतेम अर्धापाऊण ओहम; गाडी चालताना तो असून नसल्यासारखा. शॉर्ट झाले की तो एकदम पेटतो, तापून विरोध दसपट वाढवतो, आणि प्रवाह दोन अँपिअरच्या आत रोखून धरतो. शिवाय लखलखून ओरडतो : इथे घात झाला! पण तो वीज तोडत नाही, फक्त आवरतो. म्हणून बल्ब लागला की गाडी लगेच उचलायची. आणि बल्ब चांगलाच तापतो, त्याला कागद-कापसापासून लांब ठेवायचे.

चौथी, रुळांचा वेटोळा. रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळाले की डावा रूळ उजव्याला भेटतो आणि घरचाच शॉर्ट तयार होतो. अशा वेटोळ्याच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापून फट ठेवावी आणि आतल्या भागाला दिशा आपोआप उलटवणारी चकती द्यावी.

पाचवी, डीकोडर निवडताना इंजिनाची मोटार अडवून धरली असता ती किती प्रवाह ओढते ते मोजावे. डीकोडरची ताकद त्याहून अधिक हवी. अडलेला माग आणि अडलेले इंजिन ह्यांचा स्वभाव एकच.

सहावी घरची. मुख्य वीज गेली की पेटीची पिन काढून ठेवावी, कारण वीज परत येताना कधीकधी धक्का देत येते. घरात जमिनीची तार नीट असावी. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. तो माणसाचा जीव राखतो. २३० व्होल्टच्या कामाला मात्र परवानाधारक वायरमनच बोलवावा. तिथे हौस कामाची नाही. माझी ती जाड पेडी तारही त्यानेच काढली. फ्यूज वारंवार का उडत होती? माळ्यावरच्या एका जुन्या तारेचे कवच उंदराने कुरतडले होते. निरोप्या खरेच निरोप आणत होता.

आणि रुपया

हे सगळे झाल्यावर काकांनी खिशातून रुपयाचे नाणे काढले. "आता परीक्षा," म्हणाले. रुपया ह्या रुळांवर आडवा बरोबर बसतो, दोन्ही रुळांना टेकून. इंजिने उचलून ठेवली. पेटीपासून सर्वांत दूरच्या टोकाला त्यांनी रुपया ठेवला. टक्! ब्रेकरचा लाल दिवा लागला. रुपया उचलला, क्षणात हिरवा. मग दर हातभर अंतरावर, प्रत्येक सांध्यावर, यार्डाच्या कोपऱ्यात. एका ठिकाणी रुपया ठेवूनही काही झाले नाही. तिथे खालची तार डाग सुटून लोंबत होती. ती जोडली, रुपया पुन्हा ठेवला. टक्! जिथे रुपया ठेवल्यावर वीज तुटत नाही, तिथे एक दिवस गाडी जळणार. साऱ्या शास्त्राचे सार एवढेच.

भाच्याला मी पत्र लिहिले. त्यात आधी लिहिले, "चूक तुझी नव्हती, माझी होती," आणि मग सारा हिशेब मांडला. नव्या डीकोडरचे पैसे मी दिले. वितळलेले पोट काकांनी पत्र्याचा तुकडा कापून नीट केले. निळे इंजिन पुन्हा धावते, जरा लंगडत.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात काल्हेर नावाचे स्थानक आहे, हे कळल्यापासून भाच्याने आमच्या टेबलावर त्या नावाची पाटी लावून ठेवली आहे. ह्या दिवाळीला तो आला की किल्ला होईल, डोंगर ह्या वेळी कापसाचा नसेल, आणि गाडी सुटण्यापूर्वी स्टेशनमास्तर स्वतः सगळ्या रुळांवर रुपया ठेवून पाहतील. तो मान त्याने स्वतःकडे ठेवला आहे. नाणे मात्र काकांचेच हवे, असा त्याचा हट्ट आहे.